पचमढीच्या थंडीला शहापूरचा बंब

शहापूर, जिल्हा भंडारा
११ डिसेंबर २०२२

आदरणीय इवाईबुवा मधुकररावजी यांना टिकाराम गिऱ्हेपुंजेचा हात जोडून रामराम. (पत्रात ‘व्याही’ लिहावे असे आमच्या उषाबाईचे म्हणणे आहे. पण तोंडावर जे म्हणतो तेच कागदावर म्हणावे. पाठीमागे जे म्हणतो ते कागदावर मावणार नाही.)

मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू अशा. एक बाज, सहा फूट दोन इंच लांब, पाये सागवानाचे, वीण अंबाडीच्या दोरीची (नायलॉनची दोरी पाठीला टोचते आणि हिवाळ्यात गार पडते, हे दुकानदार सांगत नाहीत). गाडीत चढायला तीन पायऱ्या, प्रत्येकीची उंची साडेपाच इंच, कारण आठव्या महिन्यातल्या बाईला यापेक्षा वर पाय उचलायला लावणे म्हणजे सासुरवास (शब्द सहज आला, गैरसमज नसावा). खिडक्यांना दुहेरी काचा, मध्ये अर्ध्या इंचाची फट. ओकारी आली तर हाताशी यावे असे तस्त ठेवायचे कडे. पाण्याचा गिलास कलंडू नये म्हणून एक खाच. पडद्याआड संडासाची खुर्ची. आणि ऊब. ऊबसुद्धा मी हाताने केली आहे, तिच्याचसाठी हे पत्र आहे. गाडी तेवढी मी केलेली नाही. ती कंपनीने केली, आणि तिच्याकडे पाहताच ते कळते.

आता तब्येतीची विचारपूस. आपला उजवा गुडघा कसा आहे? डावा? विहीणबाई लीलाबाईंची शुगर? जावईबापूंची नोकरी? हे सगळे मी फोनवरही विचारतो, पण आपण उजव्या गुडघ्यापासून सुरुवात करता, आणि डाव्याला पोचेपर्यंत आपल्या दारात कोणीतरी येते, आणि माझा मुद्दा राहून जातो. दर वेळी दारात आलेला माणूस दूधवाला असतो, मग सकाळ असो की भर दुपार. म्हणून पत्र लिहितो. पत्राच्या मध्ये दूधवाला येत नाही. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. माझा डावा अंगठा थोडा भाजला आहे, माझ्या शेजारच्या सोमाजीला सर्दी आहे, आणि उषा माझ्याशी आता परत बोलू लागली आहे. या तिन्हींची कारणे पुढे क्रमाने येतील.

ओटीभरणाच्या दिवशी आपल्या पचमढीच्या अंगणात काय घडले ते आपण विसरला असाल, कारण बोलणारा विसरतो. मी ऐकणारा होतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही काही मी काढलेली पद्धत नाही. आपल्या लेकीही त्याच पद्धतीने आपल्याकडे आल्या होत्या, आणि त्यांतली धाकटी तर बाळ रांगायला लागेपर्यंत गेली नाही असे ऐकतो. मोना आमची एकुलती एक. तिला घेऊन जाण्याचा विषय मी काढला, तेव्हा आधी डॉक्टरीणबाईंचे निघाले, की मोनाने बसून हादरे खायचे नाहीत, जायचेच तर आडवे पडून, थांबत थांबत जावे. मी म्हटले, झोपायची सोय असलेली गाडी आणतो. त्यावर आपण सुपारी कातरत, अंगणभर पाहुण्यांसमोर म्हणालात, “टिकारामजी, तुम्ही कूलरवाले लोक. तुम्हाला थंडी तयार करता येते, घालवता येत नाही. ज्या गाडीत हीटर नाही त्या गाडीत माझी सून बसणार नाही.” पाहुणे हसले. मीही हसलो, कारण यजमानाच्या विनोदावर हसणे हे ओटीभरणाला गेलेल्या बापाचे कर्तव्य असते. परतीच्या बसमध्ये उषा नागपूरपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होती. नागपूरच्या स्टँडवर चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, “डिंक आणला, मेथ्या आणल्या, खोलीले चुना मारला. पोट्टी तिकडंच बाळंत झाली तं मी ते लाडू कोनाले चारू, तुमच्या कूलरले?”

तर इवाईबुवा, प्रश्न गाडीचा नव्हताच, उबेचा होता. आणि ऊब या विषयात माझा अनुभव शून्य होता, हे मी मोकळेपणाने कबूल करतो (दुसऱ्या कोणी म्हटले तर ऐकून घेत नाही). मी नववीत शाळा सोडली. पत्रा कापण्यापासून पंख्याचे पाते वळवण्यापर्यंत सारे पाहून पाहून शिकलो, गुरू म्हणून कोणाला नारळ दिलेला नाही. हायवेला माझे कूलरचे दुकान आहे. इकडे साकोली आणि तिकडे पवनीपर्यंत मे महिन्याच्या दुपारी जो माणूस घोरतो, तो माझ्या पत्र्याच्या भरवशावर घोरतो. पण आमच्या भागात ऊब कोणी विकत घेत नाही. ती उन्हाळ्यात फुकट मिळते, इतकी मिळते की लोक ती एकमेकांना द्यायला बघतात, आणि हिवाळ्यात दोन काटक्या पेटवल्या की काम भागते. गाडीच्या आत काटक्या पेटवता येत नाहीत एवढीच अडचण होती.

साकोलीच्या एका भंगारवाल्याकडून शाळेची जुनी मिनीबस घेतली. बाके काढली. (बाकांखाली ढीगभर खोडरबरे, एक चप्पल आणि एक डबा निघाला. डब्यात पूर्वी पोळीभाजी असावी. मी झाकण परत लावले.) आणि पहिला प्रयोग केला डिझेलच्या हीटरचा. माझा पुतण्या भुपेंद्र याचे साकोलीत मोबाइलचे दुकान आहे, तो काचेवर बोट फिरवून जगातली कोणतीही वस्तू घरी बोलावतो. तो म्हणाला, “काका, विदेशात अशा गाड्यांमध्ये लोकं हेच लावते. हा पाहा, भाईर बर्फ पडून राहिला अन् हा मानूस बनियनवर चहा पिऊन राहिला.” मी पाहिले. त्या बनियनवाल्याच्या गाडीची वेल्डिंग पाहूनच माझा विश्वास उडाला होता, पण मागवला. खोका आला. दुसरा कोणी असता तर त्याने तो लावून बघितला असता. मी आधी उघडून बघितला, कारण ज्या यंत्राचे पोट मी पाहिलेले नाही ते मी पोरीच्या उशाशी ठेवत नाही. पोट पाहिले, एकूण एक भाग पुसला, परत बसवला, आणि दोन स्क्रू उरले. भुपेंद्रने विचारले की हे कुठचे. मी म्हटले, कंपनीने चुकून जास्त दिले, माझ्या हातून स्क्रू उरत नाही. मग पेटवला. यंत्र आधी खोकलले, मग शिंकले, मग त्याने असा पांढरा धूर सोडला की हायवेवर दोन ट्रक थांबले आणि एक क्लीनर पाण्याची बादली घेऊन धावत आला. धूर बाहेरच्या नळीतूनच जात होता, हे मी इथे नमूद करतो. पुढे ऊबही आली. पण त्या उबेला डिझेलचा वास होता, आणि मोनाला लहानपणापासून डिझेलच्या वासाने मळमळते, भंडाऱ्याच्या स्टँडचे फाटक दिसले की सुरू होते. हे मागवण्याआधी लक्षात यायला पाहिजे होते, असे उषा म्हणाली. मी म्हटले, म्हणून तर तस्ताचे कडे केले आहे. हीटर काढला. अंगठा त्याच वेळी भाजला.

दुसरा प्रयोग गॅसच्या हीटरचा. समोर जाळी, जाळी लाल होते, मागे सिलिंडर. हा बंद जागेत जीव घेऊ शकतो, जळताना हवा खातो आणि न दिसणारा विषारी वायू सोडतो, हे मला ठाऊक होते. (आपल्यालाही ठाऊक असावे. आपल्या न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरला खिडकी नाही, हे मी ओटीभरणाला हात धुताना पाहून ठेवले आहे. सुपारी नंतर कातरा, आधी तेवढी भिंत फोडून घ्या.) म्हणून मी गाडीच्या अंगाला भोके पाडली, चार खाली, चार वर. भोकांतून थंडी आली. म्हणून हीटर मोठा केला. मोठ्या हीटरला हवा जास्त लागते, म्हणून भोके वाढवली. असे करत करत एका सकाळी माझ्या लक्षात आले की मी एक भले मोठे जाळीचे कपाट तयार केले आहे, ज्याच्या आत आग आहे आणि भोवती हिवाळा. भोके बुजवली. प्रत्येक भोकावर पत्र्याची गोल टिकली मारून वरून लाल रंग दिला आहे. बाहेरून ते नक्षीकाम वाटते, आणि कोणी विचारले तर आपणही नक्षीकामच सांगावे. (मध्ये एकदा विजेची शेगडी बॅटरीवर लावून पाहिली. चहाला उकळी फुटायच्या आत बॅटरी झोपली. त्यावर जास्त शाई खर्च करत नाही.)

इथपर्यंत जे झाले ते परक्यांच्या अकलेने झाले. आता मी माझी लावली. आयुष्यभर मी एकच गोष्ट करत आलो, टाकीत थंड पाणी, ते पंपाने खसच्या ताट्यांवर, मागून पंखा, पुढे गार हवा. मग टाकीत कढत पाणी घातले तर? हा विचार सुचला तेव्हा मी ओट्यावर दात घासत होतो, आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की चूळ भरायचे राहून गेले. कढत पाण्यासाठी घरात बंब होता. माझ्या लग्नात उषाच्या वडिलांनी दिलेला, भंडाऱ्याच्या कारागिराने ठोकलेला पितळी बंब, मधल्या नळीत कोळसा, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. तो मी गाडीच्या पाठीमागे बाहेरच्या बाजूने लोखंडी पिंजरा करून त्यात बसवला. आग बाहेर, पाणी आत. कूलर छताला. अशी वस्तू जगात कोणी केली नसेल, असे मला वाटत होते, आणि ते खरेच निघाले.

परीक्षेसाठी मोनाच्या जागी कोणाला निजवायचे हा प्रश्न होता. उषाने नकार दिला. मग सोमाजी तयार झाला. त्याची चहाची टपरी माझ्या दुकानाला लागून आहे, आणि माणूस असा भरलेला की स्टुलावर बसला तर स्टूल दिसत नाही. त्याच्या पोटाला उशी बांधायची काही गरज नव्हती, तरी मी बांधली, कारण परीक्षा तंतोतंत झाली पाहिजे. बाजेवर उषाने मोनासाठी नवा कापूस पिंजून भरवलेली गादी घातली होती, तिच्यावर तो पडला. मी दार लावून बटन दाबले. पहिला झोत इतका छान आला की सोमाजी आतून ‘वा’ म्हणाला. त्या दिवशीचा त्याचा हा शेवटचा चांगला शब्द. मग वाफ आली. माझ्या दुहेरी काचा आतून पांढऱ्या झाल्या, छतावरून थेंब पडू लागले, आणि ताट्यांचा हिरवा रंग पाण्याबरोबर खाली उतरू लागला. आमच्याकडे धान आधी उकडतात, वाळवतात आणि मग गिरणीवर नेतात, त्या तांदळाला उसना म्हणतात. आपण पोळी खाणारे, आपल्याला कल्पना नसेल. पण सोमाजीला होती. तो आतून दार बडवत ओरडला, “टिकाराम, धान उसनते तसा मले उसनून राहिला का बे? आता वाळू घालशीन अन् मंग गिरणीवर नेशीन?” मला दार उघडता आले नाही, कारण चौकट सागवानाची होती आणि ती वाफेने फुगली होती (अस्सल लाकूड असल्याचा हा पुरावा आहे, फळकूट फुगत नाही, सुटून येते). पहार लावून दार काढेपर्यंत कोळसा विझला, पाणी निवले, पंखा मात्र चालूच राहिला. ओल्या अंगावर पंख्याचा वारा म्हणजे काय, तेच तर मी गिऱ्हाइकांना विकत आलो आहे. सोमाजी बाहेर आला तेव्हा डोक्यापासून पोटापर्यंत हिरवा होता आणि त्याचे दात वाजत होते. माझ्या कूलरला मी दोष देत नाही. त्यात कोणतेही पाणी घाला, तो कूलरच राहतो. इमानदार वस्तू आहे.

सोमाजीला सर्दी झाली ती अशी. तो अजून गिऱ्हाइकांच्या कपावर शिंकतो आणि माझ्याकडे बोट दाखवतो. पण खरे नुकसान गादीचे झाले होते. उषाने ती हिरवी, पाणी पाझरणारी गादी एकटीने ओढत अंगणात नेली, मला हात लावू दिला नाही, आणि नंतर कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. भाजीत मीठ आहे की नाही हेही ती मला भुपेंद्रला फोन करून कळवत असे. मला स्वयंपाकघरातून लाडवांचा वास येत नव्हता. डिंकाची पुडी फडताळात जशीच्या तशी होती, ते मी रोज बघत होतो. शेवटी एका दुपारी गादी उलटी करताना ती गादीलाच सांगितल्यासारखे म्हणाली, “मी बाळंत झालो तवा बाज होती, बाजेखाली शेगडी होती. कोनी माह्या डोक्यावर शेगडी उपडी नोती केली. शेक खालून देत असते.” मी म्हटले की मीही त्याच निष्कर्षावर आलो होतो. (आलो नव्हतो. पण रस्त्यात होतो.)

त्यानंतर जे काम केले ते आपण स्वतः येऊन बोट लावून पाहावे. कूलर बंबापासून तोडला. दोन जुन्या ट्रॅक्टरांची रेडिएटरे घेतली, खळखळून धुतली, आणि बाजेखाली आडवी टाकली. बंबाचे कढत पाणी नळीने एकात जाते, त्याच्यातून दुसऱ्यात, आणि निवून परत बंबात. कोठेही थेंब बाहेर नाही, वाफ नाही, वारा नाही. कूलरचा पंप कढत पाण्याला विरघळतो, म्हणून तो परतीच्या, निवलेल्या नळीला लावला आहे (हे मला एक पंप विरघळल्यावर कळले असे कोणी सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नये, दोन विरघळले). बंबाचे झाकण सैल आहे, वाफेला वाट पाहिजे. बंब आणि गाडीच्या मध्ये दुहेरी पत्रा आहे आणि पत्र्यांच्या मध्ये गिरणीतून आणलेली तुसाची राख ठासली आहे. एका बाजूला आग असताना दुसऱ्या बाजूला मी गाल लावून बसलो आहे. चालत्या गाडीत आग नाही. थांबलो की पेटवायचा, पाणी तापले की कोळसा काढून विझवायचा, पुढच्या थांब्यापर्यंत रेडिएटरे ऊब धरून राहतात. लहानपणी थंडीत म्हशीच्या अंगाला टेकून बसलो तर वाटायचे, तशी ऊब आहे. तिला वास मात्र नाही.

आता ही परीक्षा शहापूरच्या थंडीत घेतली असती तर आपण ती मान्य केली नसती. आपल्या मते आमची थंडी म्हणजे कोवळे ऊन. म्हणून गाडी घेऊन पवनीला गेलो. तिथे मासोळीसाठी बर्फ पाडणारा एक कारखाना आहे. मालकाला म्हटले, लाद्या ठेवायच्या खोलीत गाडी उभी करू द्या. त्याने विचारले, काहून. मी ओटीभरणापासून सगळे सांगितले. तो म्हणाला, “इवाई लोकं असेच असते,” आणि शटर वर केले. (हे त्याचे मत आहे. मी फक्त मान हलवली.) गाडीचे छप्पर शटरला दोन इंच लागत होते, तेव्हा चारही चाकांची हवा कमी करून गाडी आत लोटली. बंबाचा भाग शटरबाहेर उघड्यावर ठेवला, गाडीचे तोंड बर्फात, दोन्ही अंगांना लाद्यांच्या भिंती. बाहेर लाद्यांजवळ तापमान दोन. आपल्या पचमढीची त्या दिवशीची सकाळ सहा होती, भुपेंद्रने मोबाइलवर पाहून सांगितले. म्हणजे आपण हरला होता, पण मी ते तेव्हा बोललो नाही.

सोमाजी परत आला. त्याच्या दोन अटी होत्या, पोटाला उशी बांधायची नाही, आणि छताकडे पाणी जाणारी एकही नळी असायची नाही. तो बाजेवर पडला, मी दार लावले (चौकट आता रंध्याने कमी केली आहे), बंब पेटवला, आणि आम्ही शटरबाहेर उभे राहिलो. काही वेळाने आतून आवाज येऊ लागला. मालकाला वाटले पंप बिघडला. मासोळीच्या पेट्या चढवणारे हमाल जमा झाले. दार उघडले तर सोमाजी घोरत होता, तोंड उघडे, स्वेटर काढून उशाशी ठेवलेला. बाजेवर सव्वीस. मी त्याला हलवले, हमालांनी हलवले, मालकाने बर्फाचा खडा त्याच्या तळपायाला लावला, तेव्हा त्याने एक डोळा उघडला आणि विचारले, “पचमढी आली का?” एवढे म्हणून कूस बदलली. इवाईबुवा, यापेक्षा वेगळे प्रमाणपत्र कोणते सरकार देईल? (बाजेच्या बाजूची एक लादी गाडीच्या उबेने पाघळली असे मालकाचे म्हणणे होते. माझ्या मते ती मुळातच बारीक पडलेली होती.) घरी आल्यावर मी उषाला सांगितले. संध्याकाळी फडताळातली पुडी जागेवर नव्हती आणि ओट्यापर्यंत डिंक तळल्याचा वास येत होता.

तेव्हा आपली अट पूर्ण झाली आहे. आता आपण दिवस सांगावा. मोनाला सांगावे की जास्त कपडे घेऊ नको, इकडे आहेत. विहीणबाईंनी काळजी करू नये, सवा महिना झाला की आई आणि बाळ दोघांना याच बाजेवरून सुखरूप पोचवीन, पावती देऊन. जावईबापूंना वाटेल तेव्हा येता येईल, त्यांच्यासाठी जागा आहे. आपल्यासाठीही आहे. मोठ्यांच्या पायांवर डोके, लहानांच्या डोक्यावर हात, आणि आपल्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार.

आपल्या सुनेचा बाप,
टिकाराम

ता. क. एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. बंब, पाणी, रेडिएटरे, राख ठासलेला पत्रा, सागवानी बाज आणि कोळशाचे पोते मिळून गाडीचे जे वजन झाले आहे, ते ती सपाटीवर हसत ओढते. नागझिऱ्याच्या बाजूला एका चढावर तिला नेऊन पाहिले. चढ काही विशेष नाही, बैलगाड्या जातात. एक तर आम्हाला मागे टाकून गेलीही, गाडीवान वळून वळून बघत होता. तेव्हा पचमढीचा घाट या गाडीने चढावा की नाही, यावर माझे मत असे झाले आहे की चढू नये. आपण डॉक्टरीणबाईंना विचारून मोनाला आपल्या गाडीत, मागच्या सीटवर उशा लावून, आडवी, सावकाश, थांबत थांबत नागपूरच्या वाटेवरच्या सौसरपर्यंत आणावे. सौसरच्या अलीकडे जिथे रस्ता सपाट होतो तिथे मी बंब पेटवून उभा राहतो. सौसरला थंडी नसते हे मला माहीत आहे. आपल्या गाडीत हीटर नाही हेही माहीत आहे, पण ते मी चारचौघांत, सुपारी कातरत, कधी बोलणार नाही.

आणखी ता. क. वरचे लिहून झाल्यावर मोनाचा फोन आला. तुला गाडीत थंडी वाजणार नाही असे मी तिला सांगितले, तर म्हणाली, “बाबा, माझ्या अंगाची नुसती आग होऊन राहिली. खिडकी उघडी ठेवून झोपते मी इथं. गाडीत कूलर लावला का नाई?” पोटुशी बाईला गरम होते हे उषाला माहीत होते, विहीणबाईंना माहीत होते, डॉक्टरीणबाईंना तर असणारच. आपण आणि मी सोडून सगळ्यांना माहीत होते. उषाला विचारले की आधी काहून नाही सांगितले, तर म्हणाली, अट तुमच्या दोघांची होती, मी कायले मधात पडू. छतावरचा कूलर मी काढलेला नव्हता. नव्या ताट्या घातल्या, थंड पाण्याची टाकी जोडली. बंबही राहील, कारण अट आपली आहे आणि मी ती मोडणार नाही. दोन्हींची बटने तिच्या उजव्या हाताशी आहेत, तिला पाहिजे ते ती दाबेल.

शेवटचे ता. क. हे लिहू नको असे उषा म्हणते, पण व्यवहार स्वच्छ असावा. पवनीच्या त्या कारखान्यात त्या दिवशी ईश्वरराव म्हणून एक गृहस्थ आले होते, त्यांची नाटक कंपनी आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईला रात्रभर नाटक होते, आणि त्यांच्या कंपनीतल्या बाया नाटक संपल्यावर उघड्या टेम्पोत कुडकुडत पुढच्या गावाला जातात. त्यांनी बंबाला हात शेकले, बाजेवर बसून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूरला माझ्या दारात उभे राहिले. गाडी आजच पाहिजे म्हणाले, हंगाम भरात आहे. मी म्हटले, आमची लेक येऊन जाऊ द्या, मग देतो. ते म्हणाले, मग नको. उषा ओट्यावर वाळलेल्या गादीला खोळ घालत होती. तिने मान वर केली नाही, हात मात्र थांबले होते. आपण मोनाला पाठवाल की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हते, हे लिहितानाही नाही. बंबासकट, रोख, पाच लाख साठ हजार रुपये देत होते. मी नाही म्हटले.